बिल्डरने भाड्यातून कापलेला टीडीएस परत कसा मिळवायचा?

लालबागची_लेक | ४ डिसेंबर २०२५, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. आमची लालबागची जुनी इमारत (उपकरप्राप्त, पागडीची) पुनर्विकासाला गेली आहे. पर्यायी जागेसाठी बिल्डर दरमहा भाडं देतो. करारात आकडा ३०,००० आहे, पण आईच्या पासबुकात दर महिन्याला २७,००० पडतात. बिल्डरच्या ऑफिसातला माणूस सांगतो, "मावशी, ते तीन हजार टॅक्सचे, म्हणजे टीडीएस. ते सरकारकडे जातात, आमच्याकडे राहत नाहीत."

आई ६८ वर्षांची. बाबांच्या मागे फॅमिली पेन्शन महिना १४,०००. एफडीचं व्याज वर्षाला साधारण १,१०,०००, त्यातूनही बँकेने ११,००० कापलेत. रिटर्न कधीच भरलेलं नाही. जो तो म्हणायचा, उत्पन्न करपात्र नाही तर कशाला नसती भानगड.

परवा तिच्या पॅनने आयकर पोर्टलवर लॉगिन करून २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) काढला. २०२४-२५ या वर्षात बिल्डरचे ३६,००० आणि बँकेचे ११,००० दोन्ही जमा दिसतात. आधीच्या दोन वर्षांतही तसंच. हे पैसे परत मिळतात का? मागच्या वर्षांचेही? आणि आयकर भवनात खेटे घालावे लागतात का? आईचे गुडघे बघता चर्चगेटचा जिनाही नको वाटतो.

---

स्लो_लोकल | ४ डिसेंबर, रात्री ९:५८

वाचतोय. आमच्या भायखळ्याच्या बिल्डिंगीतही अर्ध्या लोकांचे कापतात आणि अर्ध्यांचे नाही. कोणालाच कारण माहीत नाही.

---

निवृत्त_बाबा | ४ डिसेंबर, रात्री १०:२०

ताई, पैसे परत मिळतात, पण सरकार आपणहून देत नाही. रिटर्न हाच रिफंडचा अर्ज, वेगळा फॉर्म नसतो. २०२४-२५ ची मुदत १६ सप्टेंबरला संपली, पण उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं. म्हणजे हातात महिनाही नाही. उद्याच बसा.

२६एएसमध्ये रक्कम दिसते म्हणजे मोठी लढाई जिंकलात. काही बिल्डर कापतात आणि भरतच नाहीत.

---

आकडेमोड | ४ डिसेंबर, रात्री ११:३५

माहीममध्ये सीएची प्रॅक्टिस करतो, पुनर्विकासाच्या फायली बऱ्याच येतात म्हणून सविस्तर लिहितो.

आधी २०२४-२५. मुदत उलटल्यामुळे जुनी करप्रणाली आता निवडता येणार नाही, नवीच लागू. त्याने इथे बिघडत नाही. फॅमिली पेन्शन वर्षाचे १,६८,०००, त्यातून २५,००० ची वजावट, राहिले १,४३,०००. व्याज १,१०,०००. एकूण २,५३,०००. नव्या प्रणालीत त्या वर्षी ३ लाखांपर्यंत कर शून्य. म्हणजे कापलेले ४७,००० पूर्ण परत.

आता यात मी बिल्डरचं भाडं धरलंच नाही, हे लक्षात आलं असेल. घर पाडल्यामुळे होणाऱ्या गैरसोयीपोटी मिळणारी ही भरपाई आहे, भाड्याचं उत्पन्न नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ट्रान्झिट भाड्याबद्दल (पुनर्विकासाच्या काळात बिल्डर देतो ते) हेच म्हटलं आणि त्यावर टीडीएस कापायची गरज नाही असं सांगितलं. मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाचेही त्याआधीचे निर्णय याच बाजूचे आहेत. बिल्डरांचे अकाउंटंट तरीही कापतात, कारण न कापल्याचा दंड त्यांच्या बोकांडी बसतो. कापण्यात त्यांचं काहीच जात नाही.

चर्चगेटला जायची गरज नाही. रिटर्नची छाननी बंगळुरूच्या सीपीसीत (आयकर खात्याच्या प्रक्रिया केंद्रात) होते आणि पैसे थेट खात्यात येतात. फक्त खातं पोर्टलवर आधी व्हॅलिडेट करा आणि खात्यावरचं नाव पॅनप्रमाणेच आहे ना ते बघा. एकीकडे माहेरचं नाव, दुसरीकडे सासरचं, यात बायकांचे रिफंड सर्वांत जास्त अडकतात. बँकांच्या विलीनीकरणात ज्यांचा आयएफएससी बदलला त्यांनी तोही तपासावा. आईचं पॅन आधारला जोडलेलं आहे का? नसेल तर पॅन निष्क्रिय असतं, रिफंडही मिळत नाही आणि त्या काळाचं व्याजही नाही. (८० पूर्ण झालेल्यांना ही अट नाही.)

---

शंकासुर | ५ डिसेंबर, सकाळी ८:१०

आकडेमोड, पटलं नाही. भाडं उत्पन्न म्हणून दाखवून टाकलं तरी बेरीज ६,१३,००० होते. त्या वर्षी नव्या प्रणालीत ७ लाखांपर्यंत कलम ८७ए ची करसवलत होती, म्हणजे कर शून्यच. मग कोर्टाच्या निकालावर उभं राहून सीपीसीशी वाद कशाला? दाखवा, ४७,००० घ्या, मोकळे व्हा.

---

काळाचौकीकर | ५ डिसेंबर, सकाळी ९:०५

+१ शंकासुर. वयस्कर माणसाला नोटिसा नकोत.

---

आकडेमोड | ५ डिसेंबर, दुपारी १:१५

शंकासुर, मुद्दा रास्त आहे, बरेच सहकारीही असंच करतात. पण दोन गोष्टी बघा.

एक, लेट फी. एकूण उत्पन्न मूळ सवलतीच्या मर्यादेत, म्हणजे इथे ३ लाखांच्या आत असेल, तर कलम २३४एफ ची फी नाही. ६,१३,००० दाखवलं की कर शून्य असूनही ५,००० मोजायचे. ८७ए कर माफ करतं, फी नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, ती म्हणजे मागची वर्षं. २०२२-२३ ला ही सवलत ५ लाखांवरच थांबत होती. आकडे साधारण तेच धरू. जुन्या प्रणालीत पेन्शनमधून १५,००० वजा, व्याजातून ८०टीटीबीचे (ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी वजावट) ५०,००० वजा, आणि भाडं उत्पन्नात धरलं तर एकूण ५,७३,०००. ज्येष्ठांचे ३ लाख सोडून पुढच्या दोन लाखांवर ५ टक्के, उरलेल्या ७३,००० वर २० टक्के, वर सेस. कर येतो २५,५८४. म्हणजे कापलेल्या ४७,००० पैकी निम्म्याहून जास्त त्या वर्षी जागच्या जागी गेले. भाडं धरलं नाही तर सगळे परत.

आता एका वर्षी 'हे उत्पन्न आहे' असं स्वतः लिहून द्यायचं आणि दुसऱ्या वर्षी 'हे उत्पन्नच नाही' म्हणायचं, हे कोणता अधिकारी ऐकेल? भूमिका पहिल्यापासून एकच ठेवा. मी तरी हे भाडं सूट असलेल्या उत्पन्नाच्या तक्त्यात नोंदवतो, रकमेसकट, तपशिलासकट. लपवायचं काहीच नाही.

नोटिशीबद्दल: टीडीएस मागितला पण त्याची रक्कम उत्पन्नात नाही, म्हणून कलम १३९(९) खाली 'रिटर्न सदोष आहे' असं पत्र येऊ शकतं. उत्तराला १५ दिवस असतात. करार आणि उच्च न्यायालयाचा निकाल हाताशी ठेवायचा आणि उत्तर द्यायचं. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, मात्र ईमेल रोज बघायला हवा. आईच्या नावाने नातवाने कधीकाळी काढलेला आणि पासवर्ड विसरलेला ईमेल पोर्टलवर असेल तर आधी तो बदला.

---

शंकासुर | ५ डिसेंबर, दुपारी १:४०

मागच्या वर्षांचा हिशेब डोक्यात नव्हता. आता कळलं.

---

लालबागची_लेक | ५ डिसेंबर, रात्री ८:५०

आकडेमोड, मनापासून धन्यवाद. पॅन-आधार जोडलेलं आहे, खातंही चालू आहे. पण मागच्या वर्षांसाठी पोर्टलवर 'अपडेटेड रिटर्न' असा पर्याय दिसतोय. तोच वापरायचा का?

---

आकडेमोड | ५ डिसेंबर, रात्री १०:३०

नाही. तो पर्याय सरकारला जास्तीचा कर द्यायचा असेल त्याच्यासाठी. अपडेटेड रिटर्नमधून रिफंड मागता येत नाही, आधी मागितलेला वाढवताही येत नाही. लोक तिथेच बटणं दाबत बसतात आणि मग म्हणतात, पोर्टल गंडलंय.

तुमचा रस्ता कलम ११९(२)(बी) चा. उशीर माफ करा आणि रिटर्न भरू द्या, असा अर्ज. पोर्टलवर सर्व्हिसेसमध्ये 'कंडोनेशन रिक्वेस्ट' मिळेल, त्यात मुदत संपलेलं रिटर्न भरण्याचा पर्याय. रिफंडची मागणी १ कोटीपर्यंत असली की निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त यांच्या पातळीवर होतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या सीबीडीटी (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ) परिपत्रकाप्रमाणे करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांत अर्ज करावा लागतो (आधी सहा होती) आणि शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढायचा असतो. तुमची दोन्ही वर्षं आरामात बसतात. २०२२-२३ साठी ३१ मार्च २०२९ पर्यंत वेळ आहे. ज्यांचे २०१९-२० चे पैसे अडकलेत त्यांनी मात्र आत्ताच हलावं, त्यांची खिडकी ३१ मार्च २०२६ ला बंद होते.

अर्जात कारण खरं आणि साधं लिहा. पतीचं निधन, ज्येष्ठ नागरिक, करपात्र उत्पन्न नसल्याने रिटर्न भरत नव्हते, टीडीएस कापल्याचं २६एएसवरून कळलं. जोडीला मृत्यू दाखला, बिल्डरचा करार, पासबुकाच्या प्रती, दोन्ही वर्षांचे १६ए (टीडीएस कापल्याचे दाखले). ललित लेखन नको. मंजुरी आली की त्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख टाकून त्या वर्षाचं रिटर्न भरायचं. या मार्गाने आलेल्या रिफंडवर व्याज मिळत नाही, एवढं गृहीत धरा.

---

कांदेपोहे_२ | ६ डिसेंबर, सकाळी ७:३०

आणि २०२४-२५ च्या रिफंडवर व्याज?

---

निवृत्त_बाबा | ६ डिसेंबर, सकाळी ७:५५

कलम २४४ए. महिन्याला अर्धा टक्का. वेळेत भरलं असतं तर १ एप्रिलपासून मिळालं असतं, उशिरा भरलं म्हणून भरल्या तारखेपासून. ४७,००० वर महिन्याला २३५ रुपये. तेही पुढच्या वर्षी 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवायचं. सरकारने दिलेल्या व्याजावर सरकारलाच कर, असो!

---

स्लो_लोकल | ६ डिसेंबर, सकाळी १०:१२

आमच्या ऑफिसच्या खाली एक 'टॅक्सवाला' बसतो. म्हणतो, कोणाचाही सगळा टीडीएस परत काढून देतो, त्यातले २० टक्के माझे. पोराटोरांची रांग असते. धाग्यावरच्या लोकांचं काय मत?

---

आकडेमोड | ६ डिसेंबर, दुपारी १२:०५

टक्केवारीवर रिफंड काढणारा दिसला की चपला हातात घेऊन पळा. ही मंडळी खोटी घरभाड्याची सवलत, न दिलेल्या देणग्या, राजकीय पक्षांच्या नावाने पावत्या असलं काहीतरी घुसवतात. याच वर्षी १४ जुलैला आयकर खात्याने अशा वजावटी दाखवून देणाऱ्यांवर देशभर १५० ठिकाणी कारवाई केली. एजंट निसटतो, पॅन तुमचं असतं. उत्पन्न चुकीचं दाखवल्याचा दंड करचोरीच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो, आणि गेलेला रिफंड व्याजासकट परत करायचा तो वेगळाच.

तुमचे हक्काचे पैसे असतील तर २६एएस, एआयएस (पोर्टलवरचं वर्षभराच्या व्यवहारांचं विवरण) आणि बँकेचा व्याजाचा दाखला समोर ठेवून घरी बसून तासाभरात रिटर्न होतं.

अवांतर: 'तुमचा रिफंड मंजूर झाला, खाते तपशील भरा' असे मेसेज या दिवसांत धो धो येतात. बँक खातं ज्याचं त्याने पोर्टलवर आधीच दिलेलं असतं, आयकर खात्याला ते एसएमएसवर विचारायची गरज नाही.

---

काळाचौकीकर | ७ डिसेंबर, सकाळी ११:२०

आमचा प्रश्न वेगळा आणि जास्त किचकट. भाडेपावती वडिलांच्या नावाची. ते २०२३ मध्ये गेले. बिल्डर भाड्याचा चेक आईच्या नावे देतो पण टीडीएस अजूनही वडिलांच्या पॅनवर भरतो. आईच्या २६एएसमध्ये काहीच नाही.

---

आकडेमोड | ७ डिसेंबर, दुपारी ४:४५

गिरगावपासून काळाचौकीपर्यंत जुन्या इमारतींत हे सर्रास आहे. पावती आजोबांची, पॅन बाबांचं, राहतो नातू.

याचे दोन तुकडे करा. वडील हयात होते तोपर्यंतचा टीडीएस त्यांचाच. त्यासाठी आईने पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करायची. मृत्यू दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा लागतो, फॅमिली पेन्शनचा दाखलाही त्यात चालतो. मग वडिलांच्या वतीने रिटर्न, आणि वर्ष जुनं म्हणून आधी वरचाच माफीचा अर्ज.

निधनानंतरचे पैसे वडिलांच्या रिटर्नमध्ये येऊच शकत नाहीत. ते आईचे. तिथे बिल्डरलाच त्याचं तिमाही विवरण, फॉर्म २६क्यू, दुरुस्त करून आईचं पॅन टाकावं लागेल. त्याला लेखी पत्र द्या, मृत्यू दाखला आणि आईचं पॅन जोडा. तोंडी सांगून उपयोग नाही, 'बघतो, साहेब आले की सांगतो' एवढंच ऐकायला मिळेल. ऑक्टोबर ते डिसेंबर तिमाहीचं विवरण ३१ जानेवारीपर्यंत जायचं असतं, निदान ते तरी योग्य पॅनवर जाऊ दे.

---

गिरगावची_वहिनी | ७ डिसेंबर, सायंकाळी ६:३०

आणि बिल्डरने कापून भरलेच नसतील तर? आमच्याकडे दोन तिमाहींचे दिसतच नाहीत.

---

आकडेमोड | ७ डिसेंबर, रात्री ९:१०

वहिनी, कलम २०५ प्रमाणे कापलेला कर पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये पगारातून कापलेल्या कराबाबत हेच स्पष्ट केलं आहे. पण वसुली थांबणं वेगळं आणि रिफंड मिळणं वेगळं. सीपीसीचं यंत्र २६एएसमध्ये असेल तेवढंच मोजतं. म्हणून भाड्याचा हिशेब, बँकेचं स्टेटमेंट आणि करार घेऊन आधी बिल्डरच्या मागे लागा, नाहीच बधला तर त्याची तक्रार पोर्टलवर आणि त्याच्या टीडीएस अधिकाऱ्याकडे. सोसायटीने एकत्रित पत्र दिलं तर लवकर हलतो, असा माझा अनुभव.

---

शंकासुर | ८ डिसेंबर, सकाळी ८:२५

एक विचारायचं राहिलं. यापुढे कापूच नये म्हणून १५एच चा फॉर्म (आपल्यावर कर बसत नाही असं लिहून देणारा) फक्त बँकेला देतात ना?

---

आकडेमोड | ८ डिसेंबर, सकाळी ९:५०

बिल्डरलाही देता येतो. भाड्यावरच्या टीडीएससाठी १५जी आणि १५एच २०१६ पासून चालतात, हे खुद्द बिल्डरांच्या ऑफिसातही ठाऊक नसतं. ६० च्या पुढचे १५एच, त्याखालचे १५जी. दर आर्थिक वर्षाला नवा द्यायचा आणि पोच घ्यायची.

पण धागाकर्तीसाठी याहून मोठी गोष्ट आहे, जी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवी होती असं कोणी म्हणेल, असो. १ एप्रिल २०२५ पासून भाड्यावरच्या टीडीएसची मर्यादा महिन्याला ५०,००० झाली. आधी ती वर्षाला २,४०,००० होती. आईचं भाडं ३०,०००. म्हणजे उत्पन्न आहे की नाही हा वाद बाजूला ठेवला तरी या वर्षी एक रुपयाही कापायचं कारण नाही. एप्रिलपासूनचं पासबुक उघडा. अजून २७,००० च येत असतील तर लेखी जाब विचारा.

बँकेच्या व्याजाची मर्यादाही ज्येष्ठांसाठी ५०,००० वरून १,००,००० झाली आहे. तुमचं व्याज १,१०,०००, म्हणून बँक कापणारच, तिथे १५एच द्यायलाच हवा.

---

लालबागची_लेक | ८ डिसेंबर, रात्री १०:१५

पासबुक बघितलं. एप्रिल, मे, जून... नोव्हेंबरपर्यंत २७,००० च आहेत! आणि २६एएसमध्ये या वर्षीची पहिली तिमाहीच दिसते, पुढचं काही नाही.

२०२४-२५ चं रिटर्न काल भरलं, भाडं तक्त्यात नोंदवून. आधारच्या ओटीपीने लगेच ई-व्हेरिफायही केलं.

---

निवृत्त_बाबा | ८ डिसेंबर, रात्री १०:४०

हे बरं केलंत. ३० दिवसांत व्हेरिफाय केलं नाही तर भरलेलं फुकट जातं. आणि कोणाच्या नावावर खात्याची जुनी कराची मागणी असेल तर रिफंड तिकडे वळता होण्याआधी कलम २४५ ची सूचना येते, तिला २१ दिवसांत उत्तर द्या. आमच्या मेव्हण्यांचं झालं होतं तसं.

---

कांदेपोहे_२ | ९ डिसेंबर, सकाळी ७:१५

एप्रिलपासून नवा आयकर कायदा येतोय म्हणे, मग हे सगळं बदलणार?

---

आकडेमोड | ९ डिसेंबर, सकाळी १०:०५

आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू. कलमांचे क्रमांक बदलतील, 'करनिर्धारण वर्ष' जाऊन 'कर वर्ष' येईल. वर लिहिलेल्या वर्षांना १९६१ चाच कायदा.

धागाकर्ती, जुलैपासूनच्या दोन तिमाहींचं आधी बघा. दुसऱ्या तिमाहीचं विवरण ३१ ऑक्टोबरपर्यंत जायला हवं होतं. ते दिसत नाही म्हणजे विवरण तरी गेलं नाही किंवा पैसे तरी भरले नाहीत. दोन्ही विचारा.

---

लालबागची_लेक | ९ डिसेंबर, रात्री ९:३०

पत्र तयार केलंय. करारातलं भाड्याचं कलम, पासबुकाची पानं आणि ५०,००० च्या मर्यादेचा मुद्दा, असं तिन्ही घातलंय. शनिवारी देणार. इमारतीतल्या आणखी काही भाडेकरूंच्या सह्या घेते आहे, तळमजल्यावरचे काका सगळ्यांच्या पासबुकांची झेरॉक्स जमवताहेत.

---

स्लो_लोकल | ९ डिसेंबर, रात्री ९:४८

पत्राचा मसुदा नावं काढून इथे टाकाल का? आमच्या भायखळ्याच्या मंडळींनाही देतो, रविवारी सोसायटीची सभा आहे.